मनाचा आजार आणि पहिलं प्रेम: किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहायला बसताना

१३ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहायचं ठरवलं की पहिलं प्रेम आणि मनाचा आजार हे दोन विषय हमखास समोर येतात. दोन्ही एकाच कादंबरीत आणायचा मोह होतो आणि त्यात गैर काही नाही. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश १४ व्या आणि जवळपास निम्मे १८ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. पहिलं प्रेमही त्याच सुमारास येतं.

अशी बहुतेक हस्तलिखितं मात्र एकाच जागी फसतात. आजाराचा वेग वेगळा, प्रेमाचा वेगळा. नवा लेखक दोघांना एकाच गाडीला जुंपतो. प्रेम जमलं की आजार उतरतो, प्रेम मोडलं की चढतो. खालच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या हे जू सोडवण्यासाठी आहेत.

लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवं

- साधारण २६ आठवड्यांचं कोरं कॅलेंडर, कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये.
- निवडलेल्या आजाराचे निदानाचे निकष. डीएसएम-५ (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक) किंवा आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) यांपैकी एकातले घ्या. दोन्हींची सरमिसळ करू नका.
- पात्र जे औषध घेणार त्याच्या खोक्यातलं माहितीपत्रक.
- आत्महत्येच्या चित्रणाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना. पत्रकारांसाठी वेगळ्या आहेत, चित्रपट-रंगभूमीवाल्यांसाठी वेगळ्या. कादंबरीकाराने दोन्ही वाचाव्यात.
- कथा जिथे घडते तिथला अल्पवयीन रुग्णाबद्दलचा कायदा: उपचाराला पालकांची संमती लागते का, आणि कितव्या वर्षापर्यंत.
- पहिला खर्डा वाचायला तयार असलेली तीन प्रकारची माणसं. कोणती, ते शेवटच्या पायरीत.

१. एकच आजार निवडा आणि त्याचं नाव स्वतःपुरतं पक्कं करा

"तिला काहीतरी होतंय" एवढ्यावर कादंबरी चालत नाही. पात्राला १५० पानांपर्यंत निदान कळलं नाही तरी चालेल. लेखकाला पहिल्या पानापासून ठाऊक हवं. नाहीतर सोमवारी पॅनिक अटॅक, बुधवारी भास आणि शुक्रवारी हातावर व्रण असं कडबोळं होतं. एका माणसाला एकाहून जास्त आजार असू शकतात, पण पहिल्याच पुस्तकात ते पेलणं अवघड.

निवडताना हा आजार प्रेमाशी कुठे सारखा दिसतो ते आधी शोधा. कथेचं खरं इंधन तिथेच असतं.

नैराश्यात आवडत्या गोष्टींतला रस जातो. म्हणजे तो समोर बसलाय, तिला तो आवडतो हे तिला माहीत आहे, पण वाटत काहीच नाही. मग ती स्वतःलाच विचारते: प्रेम संपलं की आजार बोलतोय? आणखी एक गोष्ट अनेक लेखकांच्या नजरेतून सुटते. या वयात नैराश्य दुःखापेक्षा चिडचिडीच्या रूपातही दिसतं. सारखी रडणारी नायिका ही लेखकाची सोय झाली. वर्गात फटकन तोडून बोलणारी मुलगीही तेवढीच आजारी असू शकते, आणि तिच्यावर प्रेम करणं जास्त कठीण असतं.

पॅनिक अटॅकमध्ये छाती धडधडते, हात थरथरतात, बोटांना मुंग्या येतात. मुंग्यांचं कारण साधं आहे: श्वास जोरजोरात घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. पहिल्यांदा हात धरल्यावर धडधडलं तेव्हा हे "ते" की "ते दुसरं", हा गोंधळ खराखुरा आहे. अटॅक साधारण १० मिनिटांत शिखर गाठतो आणि मग ओसरतो. दोन तास तेवढ्याच तीव्रतेने चालणारा अटॅक लिहिलात तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

ओसीडी, म्हणजे विचार आणि कृतींच्या सक्तीचा आजार, ही टापटिपीची आवड नव्हे. नको असलेला विचार डोक्यात घुसतो, त्याची भीती वाटते आणि भीती शमवायला कृती करावी लागते. त्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो. प्रेमात याचं एक भयंकर रूप दिसतं: "तुझं खरंच प्रेम आहे ना?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. तो प्रेमाने दरवेळी "हो" म्हणतो. तिला पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न परत येतो. त्याचा प्रत्येक "हो" आजाराला खतपाणी घालतो. ईआरपी या उपचारपद्धतीत भीतीला सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती करायची नाही, हेच शिकवतात. म्हणजे एका टप्प्यावर उत्तर न देणं हाच त्याचा आधार ठरतो. हा प्रसंग नीट लिहिला तर अर्धी कादंबरी तिथेच उभी राहते.

बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांत आलटून पालटून नेणारा आजार, निवडलात तर जास्त सांभाळा. प्रेमात पडलेलं माणूसही कमी झोपतं, भरभर बोलतं, मोठमोठे बेत आखतं. फरक झोपेत आहे. प्रेमात रात्रभर जागलेली मुलगी दुसऱ्या दिवशी बाकावर पेंगते. उन्मादात ती तीन तास झोपूनही ताजीतवानी असते. सौम्य उन्मादाचं निदान व्हायला हा बदल किमान सलग ४ दिवस, पूर्ण उन्मादासाठी आठवडाभर दिसावा लागतो. एका संध्याकाळच्या मूड बदलण्याला बायपोलर म्हणू नका.

खाण्याच्या आजारांवर लिहिणार असाल तर एकच कडक नियम: वजन, कॅलरी, मापं यांचा एकही आकडा नको. आजारी वाचक त्या आकड्यांशी स्वतःची स्पर्धा लावतो.

२. दोन कॅलेंडरं आखा

कोऱ्या कॅलेंडरवर दोन ओळी काढा. वरच्या ओळीत आजार, खालच्या ओळीत प्रेम. दोन्ही स्वतंत्रपणे भरा. एक भरताना दुसरी झाकून ठेवा.

नैराश्याची ओळ साधारण अशी दिसेल:

- आठवडा १ ते ४: झोप बिघडते, अभ्यास मागे पडतो, मैत्रिणींचे फोन टाळणं सुरू होतं. कोणाला काही खास वाटत नाही.
- आठवडा ५ ते ९: निकषांत बसेल एवढा त्रास. निकष सांगतात की ९ पैकी किमान ५ लक्षणं सलग दोन आठवडे हवीत, आणि त्यांत उदास किंवा चिडचिडी मनःस्थिती किंवा रस जाणं यांपैकी एक असलंच पाहिजे.
- आठवडा १० ते ११: कोणाच्या तरी लक्षात येतं. पहिली भेट.
- आठवडा १२: औषध सुरू होतं. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, झोपेची आणखी ओढाताण.
- आठवडा १५ ते १९: फरक जाणवू लागतो, तोही आधी इतरांना.
- पुढे: चढउतार, एखादी घसरण. बरं वाटल्यावरही औषध बहुधा सहा महिने ते वर्षभर चालू राहतं.

आता खालची ओळ उघडा. प्रेम आठवडा ४ ला सुरू झालं असेल आणि आठवडा १३ ला पहिलं मोठं भांडण झालं असेल तर बघा काय झालंय. गोळ्या सुरू होऊन आठवडा झालाय, त्रास वाढलाय, उपयोग अजून दिसत नाही आणि तो म्हणतोय, "आता तर औषध चालू आहे ना? मग अजून असं का?" तो वाईट नाही. त्याचं कॅलेंडर वेगळं आहे. हे भांडण तुम्ही ओढूनताणून आणलेलं नाही, दोन ओळी एकाखाली एक ठेवल्याबरोबर ते आपोआप दिसलं.

सर्वात उत्कट प्रेमप्रसंग आणि सर्वात वाईट दिवस एकाच आठवड्यात येत असतील तर एक हलवा. दोन्ही शिखरं एकत्र आली की वाचक त्यांच्यात कार्यकारणाचा संबंध जोडणारच, तुम्ही कितीही नाही म्हणा. प्रेमभंग हे निमित्त ठरू शकतं. कारणं मात्र आनुवंशिकता, स्वभाव, घरातलं वातावरण, ताण यांत विखुरलेली असतात आणि ती पहिल्या ओळीत भांडणाच्या कितीतरी आधी दिसायला हवीत.

३. लक्षणांची यादी बाजूला ठेवा आणि एक सकाळ लिहा

निकष वाचून झाले की ते बाजूला ठेवून द्या. यादी समोर ठेवून लिहिलेलं हे असं होतं:

"मुक्ता नैराश्याच्या काळ्या गर्तेत खोल बुडत चालली होती. तिला कशातच रस उरला नव्हता. सोहमच्या आठवणीने तिचे अश्रू थांबत नव्हते."

तेच जवळून:

"सोहमचा मेसेज ९ वाजताच आला होता: आज येतेयस ना? मुक्ताने 'हो' टाइप केलं. खोडलं. 'बघते' टाइप केलं. तेही खोडलं आणि फोन पालथा ठेवला. केसांतला गुंता आता बोटांनी सुटण्यातला राहिला नव्हता. तीन दिवस ती वरच्यावर पोनी बांधत होती. केस धुवायचे म्हणजे उठायचं, टॉवेल शोधायचा, तेवढा वेळ उभं राहायचं आणि मग ते वाळेपर्यंत बसायचं. साडेअकराला तिने लिहिलं: डोकं दुखतंय रे, पुढच्या वेळी नक्की. पुढे हसऱ्या चेहऱ्याची इमोजी टाकली."

दुसऱ्या उताऱ्यात दुःख हा शब्दच नाही. केस धुण्याचे तुकडे पडतात, कारण आजारात साध्या कामाचे असेच तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा उचलावा लागतो. शिवाय सोहमपर्यंत फक्त इमोजी पोहोचते. वाचकाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून पुढे तो चिडला की वाचकाला दोघांची बाजू कळते.

अशा सकाळी तीन-चार लिहा, वेगवेगळ्या आठवड्यांतल्या. एका चांगल्या दिवसाचीही हवी. आजारी माणूस विनोद करतं, क्रिकेटवर वाद घालतं, परीक्षेत कॉपी करायचे बेत आखतं. प्रथमपुरुषी निवेदनात हे जास्त जमतं, पण त्यात एक धोका आहे. निवेदकाचा आजार त्याच्या निरीक्षणांतही शिरतो. "सगळे माझ्यावर हसत होते" हे तिला वाटतंय की घडलंय, ते वाचकाला ताडता यावं म्हणून समोर एखादी उघड खूण ठेवा.

४. प्रियकराला नर्स करू नका

सर्वात जास्त हस्तलिखितं इथे पडतात. तो तिला वाचवतो, किंवा ती त्याला. रात्री तीनला फोन उचलतो, शाळा बुडवतो, स्वतःचं काही मागत नाही. वाचायला गोड वाटतं. पण १५ वर्षांच्या वाचकाने यातून काय घ्यायचं? की खरं प्रेम असेल तर उपचार लागत नाहीत, आणि आपला मित्र बरा झाला नाही तर आपलंच प्रेम कमी पडलं.

यावर दोन चाचण्या आहेत. हस्तलिखितातून आजाराचा प्रत्येक उल्लेख खोडून बघा. उरलेल्या पानांत या दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरतं का? निदान तीन प्रसंग असे हवेत जिथे ते भलत्याच विषयावर बोलतात. दुसरी चाचणी: ती कथेत नसती तर त्याचं वर्ष कसं गेलं असतं? उत्तर एका ओळीतही देता येत नसेल तर तो अजून पात्र झालेला नाही. त्याला थकू द्या. त्याला राग येऊ द्या, आणि राग आल्याची लाजही वाटू द्या.

आजाराला सौंदर्यप्रसाधन बनवण्याचा मोह तर फारच जुना आहे. उदास डोळे, फिकट चेहरा, कवितेची वही. खऱ्या आजारात दात न घासलेले असतात, खोलीला वास येतो आणि वही कोरी असते.

या भागाची गाठ बहुधा एका वचनाने बसते: "कोणाला सांगणार नाहीस ना?" तो हो म्हणतो. जिवाला धोका आहे असं दिसलं की त्याने ते वचन मोडलंच पाहिजे, आणि मोडल्याची किंमत दोघांनी मोजलेली दाखवा. ती रागावते, आठवडेच्या आठवडे बोलत नाही. घाईने माफी देऊन हा प्रसंग वाया घालवू नका.

५. उपचार अचूक लिहा

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात आणि साधारणपणे औषध देत नाहीत. या दोघांची अदलाबदल ही सर्वात सामान्य चूक.

सत्र ४५ ते ६० मिनिटांचं, बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या भेटीत बराच वेळ प्रश्नांत जातो: झोप, भूक, घर, शाळा, आधी कधी असं झालं होतं का. गुप्ततेबद्दल सांगितलं जातं आणि तिच्या मर्यादाही: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा मुलावर अत्याचार होत असतील, तर बाहेर सांगावं लागतं. हा संवाद कथेत वापरा. पुढचे अनेक प्रसंग त्यावर उभे राहतात. एका वाक्यात बालपणीचं रहस्य उलगडून मुलीला हुंदके देत बरी करणारा समुपदेशक लिहू नका. रात्री व्हॉट्सॲपवर गप्पा मारणारा तर नकोच.

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत, गृहपाठ असतो. विचारांची नोंद ठेवायची, टाळलेली एखादी छोटी गोष्ट करून बघायची. मुलं तो गृहपाठ सत्राच्या आधी दहा मिनिटं बाहेर बसून भरतात, हे लिहा. वाचक हसेल आणि विश्वास ठेवेल.

औषधाचं नाव दिलंत तर वयाशी ताडून बघा. फ्लुओक्सेटिन आणि एसिटालोप्राम ही किशोरांच्या नैराश्यात दिली जाणारी औषधं. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्याच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला: मुलांत आणि किशोरांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध वाईट असा होत नाही. पहिले काही आठवडे जवळून लक्ष ठेवायचं, एवढाच होतो. कथेत आई रोज "कसं वाटतंय?" विचारून मुलीला भंडावते, ते याच आठवड्यांत.

औषध अचानक बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. नायिका "मी आता औषधाशिवाय मी आहे" म्हणत गोळ्या फेकते आणि कादंबरी टाळ्या वाजवते, असा प्रसंग कितीही चित्रमय वाटला तरी काढा. गोळ्या सोडायच्याच असतील तर परिणामांसकट सोडा.

६. आत्महत्येचा विषय: इथे सूट नाही

जर्मन लेखक गटे याच्या १७७४ च्या कादंबरीतला प्रेमभंग झालेला तरुण आत्महत्या करतो. त्या नायकाच्या नावावरून १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने बातम्यांनंतर वाढणाऱ्या आत्महत्यांना "वेर्थर परिणाम" हे नाव दिलं. उलट, संकटातून वाट काढलेल्या माणसाची गोष्ट संरक्षण देऊ शकते असं २०१० च्या एका अभ्यासात पुढे आलं. त्याला "पापागेनो परिणाम" म्हणतात. पहिलं प्रेम आणि आजार या जोडीवर लिहिणाऱ्याला हे दोन्ही ठाऊक हवेत.

म्हणून पद्धत लिहू नका. जागा, वस्तू, प्रमाण, काहीच नको. चिठ्ठीचा मजकूर छापू नका. मृत्यूनंतर सगळ्यांना उपरती झाली आणि ज्याने दुखावलं तो ढसाढसा रडला असा सूड पूर्ण होऊ देऊ नका. "एका भांडणामुळे" असं एकच कारण देऊ नका. स्वतःला इजा करण्याचा प्रसंग असेल तर वर्णन कृतीच्या आधी थांबवा आणि नंतरच्या संभाषणावर या.

त्याऐवजी विचारण्याचा प्रसंग लिहा. "तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. कुजबुजत, अडखळत, चुकीच्या वेळी का होईना, पण सोहमला हे वाक्य बोलता आलं पाहिजे. आणि उत्तर ऐकल्यावर त्याने तिला एकटं न सोडता मोठ्या माणसाला बोलवायला हवं.

७. मोठी माणसं

कमी लिहा, पण पुसून टाकू नका. आई-वडील खलनायक आणि शिक्षक मूर्ख हे सोपं पडतं. एक तरी प्रौढ असा हवा जो आधी चुकतो आणि मग शिकतो. "अभ्यासाचा ताण आहे, होईल ठीक" म्हणणारा बाप तीन प्रकरणांनंतर दवाखान्याच्या बाहेर गाडीत बसून वाट बघत असला की पुरे.

८. शेवट

लग्न, चुंबन किंवा "ती पूर्ण बरी झाली" यांवर शेवट नको. कॅलेंडरकडे परत बघा: २६ व्या आठवड्यात औषध चालू आहे, पुढची तारीख ठरलेली आहे. दोघं एकत्र असतील किंवा नसतीलही. या वयातली बहुतेक पहिली प्रेमं टिकत नाहीत आणि ते आजाराच्या नावावर टाकायची गरज नाही. त्याच्या बाबांची बदली झाली म्हणूनही ते तुटू शकतं. प्रेम संपल्यावरही उपचार चालू आहेत, असा शेवट या जोडीला सर्वात जास्त शोभतो असं माझं मत.

लांबी ४० ते ६० हजार शब्द पुरे.

९. वाचून घ्या, आणि नीट विचारा

एक वाचक किशोरांवर उपचार करणारा. त्याला पूर्ण पुस्तक देऊन "कसं वाटलं" विचारू नका. निदान, औषध आणि सत्र यांची प्रकरणं द्या, आणि "हे असं होतं का, नसेल तर कसं होतं" एवढंच विचारा. दुसरा वाचक हा आजार स्वतः भोगलेला आणि आता स्थिर असलेला प्रौढ. त्याच्या वेळेचे पैसे द्या. तिसरे वाचक दोन-तीन किशोर, पालकांना सांगून निवडलेले. सध्या आजारी असलेल्या मुलाला कच्चा खर्डा देऊ नका. किशोरांना एकच प्रश्न विचारा: कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवलंस? ती पानं बहुधा तुमची सर्वात लाडकी असतात.

पुस्तकाच्या सुरुवातीला दोन ओळींत विषयाची कल्पना द्या आणि मदतवाहिनीचा क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे छापा. छापण्याआधी स्वतः फोन लावून तो चालू आहे, कोणत्या वेळेत चालू असतो आणि पलीकडे कोणत्या भाषेत बोलतात ते तपासा. दुसरी आवृत्ती निघाली की पुन्हा लावून बघा.